रंगाच्या डब्यातली तुळस

माझ्या आईचं नाव लमदुआन. म्हणजे एक फूल,
जाड पाकळ्यांचं, संध्याकाळनंतर वास सोडणारं.
बाबांना हा उच्चार शेवटपर्यंत जमला नाही.
ते 'लमदन' म्हणत, आणि ती ओ देई.

बाबा रामसुभग. गोरखपूरकडचे.
डोक्यावर पाटी, पाटीत भाजलेले शेंगदाणे,
थोनबुरीचे बाजार पालथे घालून घरी येत
तेव्हा खिसे उलटे केले की
दाण्यांची लाल फोलपटं उडायची घरभर.

लग्नानंतर अकराव्या दिवशी
आईने एकटीने चूल हातात घेतली.
खलात लसूण आणि नखाएवढ्या मिरच्या,
ठक ठक, शेजारचं कुत्रं शिंकेपर्यंत.
नवऱ्याला मांस चालत नाही, मासळीचं खारं पाणीही नाही,
म्हणून टोफू, चवळीच्या शेंगा, सोयाचा रस.
मग पानं हवीत म्हणून मागच्या दारी गेली.

तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यात
क्रपाव. हिरवंगार, कुणी न खुडलेलं.
तिला वाटलं, काय शहाणा माणूस आहे,
बायको यायच्या आधीच फोडणीची सोय करून ठेवलीय.
तिने सगळं खुडलं. मंजिऱ्यांसकट.

बाबा आले. पाय धुतले. तांब्या भरून मागे गेले.
बराच वेळ आत आले नाहीत.

इथून पुढचं आई दर वेळी वेगळं सांगते.
कधी ते रडले. कधी नुसते खोकले,
घरात मिरचीचा खाट, खोकणारच.
एक मात्र प्रत्येक सांगण्यात तसंच राहतं:
त्यांनी काड्यांना पाणी घातलं, हात जोडले,
आत आले, आणि ताट बोटाने पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पाटीतून दुसरा डबा आला, दुसरं रोप.
एका डब्यावर चुन्याची रेघ ओढली.
'ही देवाची. ती तुझी.'

त्या दोन डब्यांवर आमचं घर चाललं.
शनिवारी समोसे: सारण बाबांचं, कड आईची,
करीपापला घालतात तशी बारीक मुरड,
त्यामुळे ते ना तिकडचे ना इकडचे, आणि उरत नसत.
टॉम यमच्या पातेल्यात गवती चहा, कोळिंजन,
आईची पाठ फिरली की
बाबा वरून जिऱ्याची फोडणी सोडत. चर्र.
'सूप आहे ते! डाळ नाही!'
मग ती त्यांच्या कढीत गुपचूप नारळाचं दूध ओती.
असे हिशेब फिटत.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली.
डबे आता माझ्याकडे, नोंथबुरीत, नवव्या मजल्यावर.
आज थुआ तापातून उठला, म्हणाला,
आजीचं तिखट कर.
(थुआ म्हणजे शेंगदाणा. नाव मीच ठेवलं.)
कात्री घेऊन गॅलरीत गेले, तर
चुना केव्हाच धुऊन गेलेला.
दोन गंजके डबे, दोन सारखी रोपं.
पानं चुरगळून पाहिली. दोन्हीकडे तोच वास, लवंगेच्या जवळचा.

आईला फोन लावला. देवाची कुठली?
ती हसली, तिचं ते दात नसलेलं हसू.
'मला काय माहीत?
ज्या डब्यात पानं दाट, तो ते माझा म्हणायचे.
रात्री उठून रेघ पुसायचे,
आणि बोडक्या डब्यावर ओढायचे.
मी जागीच असायची.
म्हणायचे, देवाचं काय, त्याला काड्याही चालतात.'

इकडे कढईत लसूण करपला.
तो फेकला. कढई घासली.
दोन्ही डब्यांना तांब्या तांब्या पाणी घातलं,
थोडं यातून घेतलं, थोडं त्यातून,
आणि खल पुन्हा पुढे ओढला.

ठक ठक.
आतल्या खोलीतून थुआची शिंक.