बारावं फूल

फिलोमेनाच्या दुकानात डझनाचा हिशेब कधी जुळत नाही.
डँडेनाँगच्या बाजारात, मासळीवाल्याच्या बर्फाचं पाणी
जिथे आमच्या बादल्यांपर्यंत वाहत येतं,
तिथे सहा वर्षं मी देठ तिरके कापते आहे.

हालिना येते ती अकराच मागते.
सम आकडा गेलेल्यांचा, विषम जित्यांचा,
तिच्या खार्कीवमध्ये शेंबडं पोरही चुकत नाही म्हणे.
बांधलेल्या जुडीतून मी एक उपसते.
पैसे ती बाराचेच देते,
वर म्हणते, असल्या गोष्टीत घासाघीस नको.
उपसलेलं फूल गल्ल्याशेजारच्या पेल्यात जातं.
तो पेला रिकामा मी पाहिलेला नाही.

दिएपबाईंना पिवळी शेवंती लागते, फोटोतल्या सासऱ्यांपुढे ठेवायला.
पहिल्या दिवशी मी लाल कागदात पांढरी बांधून दिली,
त्यांनी हात असा मागे घेतला
जसा तापल्या तव्यावरून.
बोलल्या काहीच नाहीत. पुढच्या आठवड्यात मला संत्री आणून दिली,
म्हणजे माफ केलं असावं.

माब्योर, नावाचाच अर्थ पांढरा बैल,
लग्न ठरल्यावर आला, सासूला काय न्यावं म्हणून
बादल्यांमधून अर्धा तास फिरला.
"आमच्यात गाई देतात," म्हणाला,
"फुलं? फुलं गाई खातात."
मग सूर्यफुलांचा भारा घेतला
आणि वैरणीसारखा खांद्यावर टाकून गेला.

सनोबर सप्टेंबरात एकच लाल ट्यूलिप नेते.
त्याला ती लाला म्हणते.
कुणासाठी, हे मी एकदाच विचारलं.
कबर नाही, म्हणाली. बोट होती.

आणि मे महिना.
इथे मे म्हणजे पानगळ, आणि मातृदिनाची पांढरी शेवंती,
शाळांपुढे, पेट्रोलपंपावर, आमच्या दारात ढिगाने.
फिलोमेना ती एक्केचाळीस वर्षं विकते आहे,
घरी मात्र एक पाकळी नेत नाही.
कालाब्रियातल्या तिच्या गावी शेवंती डोंगर चढते ती एकदाच,
नोव्हेंबरात, स्मशानापर्यंत.

यंदा जुड्या बांधताना, दोरा दातात धरून, तिने सांगितलं.
रोको सहा वर्षांचा. शाळेतून धावत आला,
हातात पांढरी शेवंती, चांदीच्या कागदात, रिबिनीसकट.
आणि तिने त्याच्या थोबाडीत दिली.
"त्याला काय ठाऊक? बाईंनी सांगितलं, आईला द्या.
मला काय ठाऊक? मला वाटलं, पोर माझं मरण घेऊन आलं."
रोको आता पर्थला असतो.
दर मे महिन्यात आईला चॉकलेटं पाठवतो.

त्या रविवारी दुपारी हालिना आली,
स्कार्फ उलटा, बटणं एक घर चुकलेली.
माझी बोटं सवयीने जुडीत गेली होती, एक उपसायला.
ती म्हणाली, "नको. बारा."

माझ्या भाषेत बारसंही याच आकड्यातलं
आणि बारावंही.
तिला हे कसं सांगणार?
मी बारा दिली.
बाहेर एक बाप मुलीला शिकवत होता, फुलं कशी धरायची,
डोकी वर, डोकी वर.

संध्याकाळी फरशी धुतली. शटर अर्ध्यावर.
पेल्यात नुसतं पाणी.
फिलोमेना बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली,
मग उरलेल्यांतली एक पांढरी शेवंती उचलली,
देठ तिरका कापला, माझ्यापेक्षा सफाईने,
आणि पेल्यात उभी केली.

जित्यांसाठी की गेलेल्यांसाठी,
ते ती बोलली नाही.
पर्थमध्ये अजून ऊन असेल, एवढंच म्हणाली,
आणि चष्मा लावून
फोनवरचे आकडे शोधू लागली.