मागून रंगवलेली काच

याँदे माझ्याकडे शिकायला आली
तेव्हा तिला आधी आभाळ काढायची खोड होती.
मग माणसं त्यात मावायची नाहीत.

काचेवर असं चालत नाही, मी म्हणालो.
आम्ही न्दारचे लोक काचेच्या पाठीवर रंगवतो,
बघणारा समोरून बघतो.
म्हणून शेवटचं ते पहिलं.
आधी सही, तीही उलटी.
मग बुबुळातला ठिपका, मग डोळा, मग गाल,
आणि आभाळ सगळ्यांत शेवटी,
जे मागून सगळं झाकून टाकतं.
एकदा वाळलं की वाळलं.

वर्षभर तिने बाजारात खपणाऱ्या बायका काढल्या.
पिवळे रुमाल, जाड कर्णफुलं,
कडेवर एक मूल, हवं तर दोन.
सुबक. पुलापलीकडचे पाहुणे
वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे.
मी शाबासकी द्यायचो
आणि तिचं तोंड एवढंसं व्हायचं.
का, ते मी विचारलं नाही.
मास्तरांना नको ते विचारायची सवय असते,
हवं तेवढंच राहून जातं.

तिचा बाप मासेक होड्या रंगवायचा.
अजूनही किनाऱ्यावरची निम्मी नावं त्याच्या हातची,
नाळेवर लाल, काठाला हिरवं,
खाऱ्या पाण्याला न जुमानणारी.
रमजान संपता संपता
त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.
घरात कुणी त्याबद्दल बोलेना.
मासळी सुकत राहिली,
समुद्र गल्लीतली एकेक भिंत खात राहिला,
आणि याँदे पिवळे रुमाल काढत राहिली.

मग एके दिवशी ती खिडकीचं तावदान घेऊन आली.
शेजारचं घर पाण्यात गेलं, एवढंच वाचलं, म्हणाली.
कोपऱ्यात टवका उडालेला.
मी म्हटलं, कापून देतो.
नको, म्हणाली.

तीन संध्याकाळी ती बापासमोर बसली.
मी दारातून पाहिलं.
दौतीत टाक बुडवताना तिचा हात थरथरत होता,
रेघही थरथरली,
आणि तिने ती तशीच ठेवली.
मांडीवर पडलेला हात,
बाजूला ठेवलेल्या चपलेसारखा.
दुसऱ्या हातात चहाचा छोटा पेला, वर फेस.
रडली असेल, मला माहीत नाही.
निळ्यात दोन ठिकाणी बुडबुडे आले होते.

काच उलटी केली, आणि मी कपाळावर हात मारला.
अगं, तू आरसा विसरलीस.
डावं उजवं झालंय, उजवं डावं!
चित्रातला मासेक
उजव्या हाताने चहा पीत होता.

पहिल्याच धड्यात शिकवलं होतं हे.
पुसायला रॉकेल काढलं मी.
तिने बाटली माझ्या हातातून घेतली
आणि फळीवर ठेवली, पार मागे,
जिथे माझा हात पोचत नाही.
वर्षभरात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं नाही.

बापाने बराच वेळ पाहिलं.
चेहऱ्याचा जो भाग हसू शकतो तेवढा हसला.
मग डाव्या हाताने काच ओढून
त्याने ती पालथी घातली.
आत तो हात कुठे धरलाय
ते शोधायला असावं.

मागे फक्त निळं होतं.
ते त्याने अंगठ्याने चाचपलं,
जसा कारागीर दुसऱ्याच्या हातचा रंग चाचपतो,
आणि अडखळत, अर्ध्या जिभेने म्हणाला,
एक हात अजून लागेल.

याँदेने डबा उघडला.