हात धरून

कुतायसीच्या प्रयोगशाळेत दुपारी चारला
कागद तिरप्या उजेडात धरला की
शाईच्या खालचा दाब दिसतो.

पोर्फिले घ्लोंती, वय एक्क्याऐंशी.
हेझलनटची बाग, अर्धा हेक्टर, धाकट्या सुनेच्या नावे.
थोरला म्हणतो, ही बाबांची सही नव्हेच.

त्यांची जुनी अक्षरं मागवली :
चहा कारखान्याची हजेरी, वीजबिलाची तक्रार,
मधाच्या पेट्यांचा हिशेब.
आडनावातल्या 'घ'चं वळण सगळीकडे तेच,
घाईघाईत पाय मुडपून बसल्यासारखं.

मृत्युपत्रात मात्र ते
अर्ध्यावर थबकतं, उलटं ओढलं जातं,
पुन्हा सुटतं.
नक्कल करणारा
जपून जातो, पण एकटाच जातो.
इथे एका रेघेत दोघांची ओढ आहे.

म्हणजे नातेलाने म्हाताऱ्याचा हात धरला होता.
धरला, की ओढला?
भिंग चाळीस पट मोठं करून दाखवतं
आणि तिथेच गप्प बसतं.

अहवालात रकाने तीन :
खरी. खोटी. सांगता येत नाही.

पहिलीत असताना काकूने माझी मूठ
तिच्या मुठीत घेऊन
माझ्या नावाचा 'म' असाच गिरवून घेतला होता.
तिच्या बोटांना लसणाचा वास.
तो 'म' कुणाचा, म्हणून
कोर्टात कुणी गेलं नाही.

तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं.
उचललं.
एक ठिपका राहिला मागे.
उद्या कुणी तपासलं तर लिहील :
इथे हात थांबला होता.