डिझेलचा हिशेब

रात्री गाडीच्या पोटाखाली निजून
मी बुचं काढतो. एकोणीस.
प्रत्येकातून तळं थोडं थोडं गळतं,
शेवाळाचा, गंजाचा,
कुणीतरी सांडलेल्या लेमोनेडचा वास घेऊन.
सकाळी तीच बुचं पुन्हा, मोजून.
अठरा बसवून चालत नाही.

गाडी म्हणावी तर मागे पंखा आणि सुकाणू,
नाव म्हणावी तर सहा चाकं, नंबरप्लेट.
परवाने दोन कचेऱ्यांचे,
आणि दोन्ही कचेऱ्या म्हणतात, ही तुमची, आमची नव्हे.

व्हर्लीन चालवते.
एकसष्ट वर्षांची, आधी शाळेची बस चालवायची.
पोरांना पिवळ्या पिपाण्या वाटते,
फजच्या दुकानापाशी सगळ्यांना बदकासारखं ओरडायला लावते,
मिनी गोल्फचा फायबरचा डायनासोर दाखवते,
आणि दिवसातून सात वेळा तेच:
"पोहता येतं ना सगळ्यांना? मला नाही येत."
सात वेळा हशा.
मग उतार.
मग ती थप्प! काचेवर पाणी, बायकांच्या किंकाळ्या,
आणि चाकांखालून जमीन सुटते.

त्यानंतर चार मिनिटं ती बोलत नाही.
माहितीपत्रकात छापलंय: निसर्गाचा शांत आस्वाद.

डिझेल जास्त जातंय, मिस्टर रस्क म्हणाले.
फेरीमागे पाव गॅलन.
मी इंजिन दोनदा उघडलं. पंखा पाहिला, नळ्या पाहिल्या.
शेवटी मागच्या बाकावर जाऊन बसलो,
टोपी डोळ्यांवर ओढून, प्रवाशासारखा.

पाणी सपाट. समोरचा धक्का नाकासमोर,
आंधळ्यानंही नेली असती.
तिनं वेग कमी केला,
भर तळ्यात डावा दिवा लावला
आणि वळली.
थोडं पुढे जाऊन उजवीकडे, लांब, सैल वळण,
मध्ये कुणाचं तरी अंगण असावं
आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ उडू नये, तसं.
एका जागी तिचा हात गियरकडे गेला.
तिथे चढ असावा.

"आता आपण रस्त्यावर आहोत?"
पुढच्या बाकावरच्या पोरानं पिपाणी काढून विचारलं.
वेड्या, तळ्यात, आई म्हणाली.
व्हर्लीननं आरशात पाहिलं.
याला तिच्याकडे विनोद नव्हता.
"आहोत अजून," म्हणाली. "आता पूल येईल."

धरणाआधीचा नकाशा वाचनालयात आहे,
खिडकीजवळच्या कपाटात, खालचा खण.
मी गेलो नाही.

वहीत लिहिलं: या मोसमात पाणी जड आहे.
मिस्टर रस्कनी न वाचता सही केली.

चौदाव्या बुचातून हल्ली कधी कधी
बारीक खडी येते, डांबर लागलेली.
पार्किंगमधलीच असणार.
तरी डब्यात टाकून ठेवतो.