साठ मिनिटांची कॅसेट

रुझारचा थोरला भाऊ तारवटी.
रॉटरडॅमहून आला तेव्हा सगळ्यांना चॉकलेटं वाटली,
मला ही कॅसेट. नक्कल, बिननावाची.
कव्हरवर बॉलपेनने काढलेली कवटी, जराशी हसरी.

कुडचड्याच्या गॅरेजात पहिल्यांदा लावली.
टिपरखालून बाबा ओरडले,
"बेअरिंग गेलंय रे कुणाचं तरी!"

ड्रम नव्हतेच ते. खनिजाचे ट्रक होते,
सावर्ड्याच्या उतरणीवर, रिकामे, एकामागे एक.
आणि गाणारा... गाणारा कसला,
विहीर उपसताना शेवटी पंप
चिखल ओढतो, तसा.
एक शब्द कळला नाही.
पण घरात पहिल्यांदाच
कुणीतरी माझ्या बाजूने बोलत होतं.

दुसरी बाजू मध्येच तुटायची.
शेवटच्या गाण्यात गिटार चढत जायची, चढत जायची
आणि खट्.
टेप संपली.

परवा अख्खा अल्बम मिळाला.
त्या खट्‌च्या पुढे अजून चार मिनिटं आहेत.
वाईट नाहीत.
मी ती पुन्हा लावली नाहीत.

चवथीला शेजारी घुमटांवर आरती रंगते,
टाळ पेटतात, सगळे डोळे मिटतात,
आणि मी एकटा
कान रोखून उभा:
आता तुटेल.