बडोदा, पान तेविसावं

वन्संच्या वहीत गावागणिक एक फूल आहे.
मांडूला गोरखचिंचेचं, लोंबतं, कडेला तपकिरी पडत चाललेलं;
ते रात्री उमलतं, म्हणून मी पायरीवर बसून
हात भरून येईस्तोवर टॉर्च धरला होता.
ओंकारेश्वरला कण्हेर.
अमरकंटकला गुलबकावली, तिच्यावर एक थेंब पडून रंग पसरलेला.
पुसायला गेले तर म्हणाल्या,
असू दे, तोही आला होता बघायला.

मी रंगवत नसे. मी पाणी आणीत असे.
पेल्यात, कुल्हडात, एकदा साबणाच्या डबीच्या झाकणात.
नर्मदेचं पाणी निळ्याला मानवतं म्हणायच्या,
बोअरचं कागदावर मीठ सोडतं.
खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

काचबिंदूने डोळे नेले तेव्हा पत्र्याची रंगपेटी माझ्याकडे आली.
लाल खरवडून संपलेला,
पांढऱ्याची वडी मात्र अख्खी, कंपनीच्या शिक्क्यासकट.
पांढरा लावायचा नसतो गं, सोडायचा असतो.

तेविसाव्या पानावर तिरकं लिहिलंय:
बडोदा, कमाटीबाग, सत्त्याऐंशी.
खाली नुसती पेन्सिल.
एकीत एक वळत गेलेल्या सात-आठ पाकळ्या, दाट,
मधून दोन बारीक रेघा, केसर असावेत तशा,
आणि चहाच्या पेल्याचं वर्तुळ.

भाच्याच्या साखरपुड्याला आले आहे दांडिया बाजारात.
दुपारपर्यंत कुणाला माझं काम नाही.
वही पिशवीत घालून निघाले.

खंडेराव मार्केटात जशीबेन झेंडू ओवत होती.
सुई न थांबवता पाहून म्हणाली, गुलाब. देशी.
शेजारचा पोरगा म्हणाला, ना ना, डेलिया.
कमाटीबागेत फणसे माळी, तीन पिढ्या इथलेच,
चष्मा शर्टाला पुसून बराच वेळ बघत राहिले.
हे कमळ आहे, बाई. पण ऊंधं काढलंय.
वही फिरवून धरली. तरी कमळ होईना.

फुलांच्या घड्याळापाशी बसून जबलपूरला फोन लावला.
वन्सं, बडोद्याचं ते फूल कसलं?
पलीकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग हसू, खोकल्यात अडकलेलं.
फूल कुठलं आलंय! तुझा अंबाडा तो.
भांडून पाठ करून बसली होतीस दोन तास.
मग काय, समोर दिसेल ते काढलं.
आणि त्या दोन रेघा?
आकडे.
आणि रंग?
पाणी कोण आणणार होतं?

भांडलो कशावरून, मी विचारलं.
छे, आता काय आठवतंय. तुला?
मलाही नाही, म्हटलं.

मला आठवतं.
बाकही आठवतो, हाच की याच्या पुढचा.
पुलाखाली विश्वामित्री, तिच्यात मगर दिसते का
ते पोरं ओरडून एकमेकांना विचारत होती,
आणि मी मान वळवायची नाही म्हणून
मगरसुद्धा पाहिली नाही.
मागे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता.
मला वाटलं, फूल काढताहेत.

आता अंबाडा लिंबाएवढा. एका आकड्यात मावतो.
काळा नाहीच उरला कुठे.
पेटी उघडली. पांढऱ्या वडीवरून बोट फिरवलं,
शिक्का अजून बोटाला लागतो.
पेटी मिटली.

फणसे पाइप धरून वाफ्यात उभे होते.
त्यांच्याकडून डबीच्या झाकणात पाणी घेतलं,
ब्रश बुडवला
आणि त्या रेघांवरून, एकेका वळणावरून,
नुसतं पाणी फिरवलं.

कागद जरा फुगला. चहाचं वर्तुळ पुन्हा ओलं होऊन
थोडं आत सरकलं.
फणसे म्हणाले, रंग राहिला की.
म्हटलं, वाळू दे आधी.