हरकत क्रमांक दोनशे सतरा

प्रति, उपायुक्त, कर विभाग.
अर्जदार मंदाकिनी टिपणीस, खारकर आळी, ठाणे.
विषय फोन आणि इंटरनेटवर लावायचा नवा दळणवळण कर.
हरकत शंभर शब्दांत लिहावी,
असं नोटिशीच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात.

शंभर. म्हणजे तुम्ही मोजणार.
मोजा. मीही मोजलेत,
एकतीस वर्षं, इथल्याच तारघरात,
खिडकी नंबर दोन,
पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर टेकवत.

शब्दाला पैसे पडले की काय होतं
मला विचारा.
आधी ‘प्रिय’ जातो.
मग ‘काळजी करू नकोस’. तीन शब्द, परवडत नाहीत.
मग सही. कोणी केली तार ते घरचे ओळखतातच.

वागळे इस्टेटमधला एक फिटर, कामतेकर,
सिव्हिल हॉस्पिटलातून थेट आला होता,
सदऱ्याला डेटॉलचा वास.
भिलाईच्या भावाला कळवायचं होतं,
वडील पहाटे शांतपणे गेले, निघ.
पत्त्याचे शब्दही धरायचे असतात, मी म्हटलं.
नियमच होता तो.
त्यानं नाणी काउंटरवर मांडली,
दोनदा मोजली,
आणि ‘शांतपणे’ खोडलं.

मी तार पाठवली. पावती दिली. पुढचा, म्हटलं.

आता मासुंद्याच्या काठावर
कणसं भाजणारा रामसजीवन
रात्री नऊला शेगडी विझवून फोन उघडतो.
जौनपूरकडचं कुठलंसं अंगण,
नात दात दाखवते, पडलेला,
मग कोणीतरी फोन गोठ्यात नेऊन
म्हैस दाखवतं.
म्हशीची काही गरज नसते, साहेब.
तीही कॅमेऱ्याकडे बघत नाही.
पण हा पाच मिनिटं हसत असतो.
तुमचा कर बसला
की नात राहील, कदाचित.
म्हैस जाईल.

रस्ते हवेत, गटारं हवीत, मान्य.
घरपट्टी, पाणीपट्टी वेळेत भरते,
पावत्या पिवळ्या फायलीत लावलेल्या आहेत,
येऊन बघा, चहा देईन.
पैसाच हवा तर घोडबंदरच्या होर्डिंगांवर लावा,
ती कोणाची ख्यालीखुशाली विचारत नाहीत.

तुम्ही म्हणाल, महिन्याला कितीसा पडतो,
वडापावाएवढा.
शब्दामागे पैसेही थोडेच पडायचे तेव्हा.
त्या थोड्यातच तर माणसं
खोडत बसायची.

हे शंभराच्या वर गेलं असणार.
मोजलं नाही मी. पहिल्यांदाच.
जादा शब्दांचे मागितलेत तर द्यायची नाही.
कापायचं असेल तर वरचं कापा,
माझं नाव, आळी, चहासुद्धा,
फक्त तो ‘शांतपणे’ राहू द्या.
इतकी वर्षं माझ्याकडे पडून आहे.
भिलाईला पोचायचा होता.